साहस, क्षय आणि आनंदीबाईंचे चरित्र

मराठी चरित्रवाङ्मयात क्षयरोगाचा उल्लेख वारंवार येतो; क्षयरोग्याचे चरित्र मात्र क्वचितच आढळते. हे विधान प्रथमदर्शनी विचित्र वाटण्याचा संभव आहे. डॉ. आनंदीबाई जोशी 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यास क्षयाने वारल्या, राम गणेश गडकरी 23 जानेवारी 1919 रोजी सावनेर येथे त्याच रोगाने गेले, या गोष्टी आपल्या वाङ्मयाच्या कोणाही अभ्यासकास ठाऊक असतात. परंतु या व्याधीसह त्यांचे दिवस कसे गेले, हा प्रश्न आपल्या चरित्रकारांनी व कादंबरीकारांनी कितपत विचारला आहे? काशीबाई कानिटकरांनी 1889 साली प्रसिद्ध केलेले आनंदीबाईंचे चरित्र आणि श्री. ज. जोशी यांची 1968 ची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी हे दोन ग्रंथ समोर ठेवून या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रश्नाचे मूळ ग्रंथालयात नाही, हे आरंभीच सांगून टाकणे बरे. प्रस्तुत लेखिकेचे माहेर रेवसचे. काही वर्षांपूर्वी फुप्फुसाच्या क्षयाचे निदान झाले तेव्हा सहा महिने ती तेथेच होती. पहिले दोन महिने चार औषधे व पुढील चार महिने तीन, वजनाच्या मानाने ठरलेल्या गोळ्या रोज घ्यावयाच्या, असा तो क्रम. पहिल्या पंधरवड्यात अंगणात वाळणाऱ्या सुकटीचा वास आला तरी पोटात ढवळून येई. लघवी तांबूस होते ती रिफांपिसिनमुळे, रक्तामुळे नव्हे, हे आईला दोनदा समजावून सांगावे लागले. ती रोज भिंतीवरच्या कालनिर्णयावर एक रेघ ओढीत असे. शेजारच्या बायका समाचाराला येत. घरातून 'छातीचा आजार' एवढेच सांगितले जाई, पण त्यांना काय ते कळलेले असे. त्यांचे निदान एकच होते : एवढे शिक्षण, रात्रीची जागरणे, मुंबईचे वेळीअवेळी खाणे, मग दुसरे काय होणार! त्याच दिवसांत उशाशी काशीबाईंचा ग्रंथ होता, आणि या बायकांचे बोलणे व आनंदीबाईंविषयी आपण जे बोलतो व लिहितो ते यांत विलक्षण साम्य आहे असे जाणवू लागले.

हे साम्य समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील आठवा अध्याय राजयक्ष्म्याचा आहे. तेथे या रोगाची चार कारणे दिली आहेत : साहस, वेगसंधारण, क्षय आणि विषमाशन. यांपैकी 'साहस' म्हणजे शक्तीबाहेरचे शारीरिक कर्म. जड ओझे उचलणे, झेपणार नाही एवढे चालणे, बलवानाशी झुंजणे इत्यादी. विषमाशन म्हणजे आहाराचे नियम सोडून केलेले भोजन. मराठीत मात्र साहस या शब्दाचा अर्थ पालटला. आज तो धाडस या अर्थाने रूढ आहे, आणि 'हे साहस करू नकोस' या सांगण्यात अविचाराची छटाही आहे. शब्द तोच राहिला आणि अर्थ सरकला; कारणमीमांसा मात्र जुन्याच वाटेने चालत राहिली. शक्तीबाहेरच्या श्रमाने क्षय होतो, या जागी मर्यादेबाहेरच्या धाडसाने क्षय होतो, असे आपण नकळत म्हणू लागलो.

आनंदीबाईंची सर्वपरिचित कथा या साच्यात किती चपखल बसते ते पाहण्याजोगे आहे. 31 मार्च 1865 चा जन्म, नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेलेले. गोपाळरावांच्या टपालखात्यातील बदल्यांबरोबर कल्याणहून अलिबाग, पुढे कोल्हापूर, भूज, कलकत्ता असा प्रवास. 1883 च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून एकटीचे अमेरिकेस प्रयाण. 11 मार्च 1886 रोजी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबईस आगमन आणि तीन-सव्वातीन महिन्यांत मृत्यू. समुद्रोल्लंघन व परदेशी शिक्षण हे साहस. परमुलखात शाकाहार सांभाळताना झालेली ओढाताण हे विषमाशन. त्यात फिलाडेल्फियाच्या थंडीची भर पडते. कारणे जुळली, कार्य घडले. येथे 'साहस' हे एकाच वेळी गौरवाचे व मृत्यूचे कारण होते, आणि त्यामुळे स्तुती करणाऱ्यास आणि नाके मुरडणाऱ्यास एकच कथा पुरते.

परंतु रॉबर्ट कॉख याने क्षयाच्या जंतूचा शोध 24 मार्च 1882 रोजी बर्लिन येथे जाहीर केला होता. म्हणजे आनंदीबाई वैद्यक शिकू लागल्या त्यापूर्वीच या रोगाचे कारण सापडलेले होते. थंडीने क्षय होत नाही, धाडसाने तर नाहीच. जंतू शरीरात शिरून वर्षानुवर्षे निद्रिस्त राहू शकतो, आणि प्रतिकारशक्ती खालावली म्हणजे जोर धरतो. अमेरिकेस जाण्यापूर्वीच आनंदीबाईंची प्रकृती ढासळली होती. डोकेदुखी, अशक्तपणा, ताप, धाप यांच्या तक्रारी होत्या, आणि न्यू जर्सीतील थिओडिशिया कार्पेंटर यांनी त्यांच्यासाठी तिकडून औषधे पाठविली होती. हा काळ ध्यानात घेतला तर 'अमेरिकेने बळी घेतला' हे वाक्य किती सैल आहे ते कळते. तेथील हालांनी प्रकृती अधिक खालावली असे म्हणता येईल. त्याहून अधिक म्हणण्यास आधार नाही.

आता दोन ग्रंथांकडे वळू. 'आनंदी गोपाळ' ही मराठीतील प्रभावी चरित्रात्मक कादंबऱ्यांपैकी एक आहे, याविषयी दुमत नसावे. तिचे नाट्यरूपांतर झाले, 2019 मध्ये त्याच नावाचा चित्रपट निघाला, आणि आनंदीबाईंविषयी सामान्य वाचकाच्या मनात जे चित्र असते ते बहुतांशी या कादंबरीने रेखाटलेले असते. तिचे केंद्र तिच्या नावातच आहे : गोपाळरावांचा हट्टी, लहरी, तेजस्वी स्वभाव आणि त्याच्या आघातांतून घडत जाणारी आनंदी. दांपत्यसंबंधाचे हे नाट्य एकदा केंद्रस्थानी आले की व्याधीला स्वतंत्र स्थान उरत नाही. ती नाट्याच्या सेवेस राहते व शेवटच्या अंकात पडदा पाडते. कादंबरीस आकार लागतो आणि मृत्यू तो आयता पुरवितो, हे खरे, यासाठी श्री. ज. जोशी यांना दोष देणे अन्यायाचे होईल. तथापि किंमत काय पडली ते सांगावयास हवे. आजारी असताना अभ्यास करणारी, परीक्षा देणारी, स्वतःच्या शरीराकडे वैद्यकाच्या विद्यार्थिनीच्या नजरेने पाहू शकणारी बाई मागे सरते आणि समिधेसारखी जळून गेलेली आनंदी पुढे येते.

काशीबाईंचा ग्रंथ जवळजवळ ऐंशी वर्षांनी जुना. त्यात उपदेश आहे, काळाला साजेशी भाविकता आहे, आणि रचनेची सफाई बेताचीच आहे. परंतु काशीबाईंनी पत्रांचा भरपूर उपयोग केला, आणि पत्राला आपला शेवट ठाऊक नसतो! पत्र लिहिणारी व्यक्ती त्या दिवशी जिवंत असते. अमेरिकेतील खोलीत शेगडी पेटविली तर धूर कोंडतो, न पेटविली तर थंडी वाजते, यांतले काय पत्करावे, ही अडचण किंवा हवेस तोंड देण्यासाठी लुगडे नेसण्याच्या पद्धतीत केलेला बदल या गोष्टींना नाट्य म्हणून फारसे मोल नाही. पण दीर्घ आजार असल्याच गोष्टींचा बनलेला असतो. सफाईदार कादंबरीने जे गाळले ते ओबडधोबड चरित्राने सांभाळले, असे म्हणावयास हरकत नाही. अंजली कीर्तने यांच्या 1997 मधील संशोधनग्रंथाने अस्सल साधनांकडे पुन्हा लक्ष वेधले, ही त्याच दिशेची गोष्ट होय.

येथे एक आक्षेप संभवतो. आजाराच्या मधल्या काळात काही घडतच नाही, तर लेखकाने लिहावे काय? रेवसच्या माणसास हा आक्षेप चांगला समजतो. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' आगबोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ती तारीख आमच्या गावात आजही लोकांना पाठ आहे. खोकत खोकत, बरे होत, पुन्हा पडत जी माणसे त्याच किनाऱ्यावर गेली त्यांची तारीख कोणासही आठवत नाही. घटनेची कथा होते, अवस्थेची होत नाही. परंतु आपल्या जुन्या कथाकारांना अवस्थेचीही कथा करता आली होती. रोहिणीवर अधिक प्रेम करणाऱ्या चंद्राला दक्षाने क्षयाचा शाप दिला. पण चंद्र मेला नाही. तो क्षीण होतो, भरतो, पुन्हा क्षीण होतो. राजयक्ष्म्याच्या या मूळ कथेत वृद्धिपक्षही आहे. आधुनिक चरित्रकारांनी वद्यपक्षच तेवढा उचलला.

गडकऱ्यांविषयी लांबण लावीत नाही. 'भावबंधन'चे लेखन त्यांनी अखेरच्या आजारात पुरे केले, ही गोष्ट नेहमी करुण आख्यायिकेच्या सुरात सांगितली जाते. त्या आजारात धुंडिराज आणि कामण्णा यांचा विनोद कसा लिहिला गेला, हा समीक्षेचा खरा प्रश्न त्या सुरात बुडून जातो.

सूझन सोंटॅग यांनी 1978 मध्ये 'इलनेस ॲज मेटाफर' या पुस्तकात क्षयाच्या युरोपीय प्रतिमांची चिकित्सा केली. क्षय म्हणजे कोमल, उत्कट, कलावंत मनाचा रोग, या समजुतीवर त्यांचा रोख होता. आपल्याकडे ती चिकित्सा जशीच्या तशी लावणे मात्र चुकीचे होईल. मराठीत क्षयाला कलावंताच्या कोमलतेपेक्षा आहुतीचे रूप अधिक मिळाले, आणि आहुती म्हटली की दोष कोणाचा हे विचारण्याची सोय राहत नाही. शेजारणींच्या बोलण्यात दोष उघड होता, एवढाच फरक.

ही चर्चा केवळ वाङ्मयीन राहिली असती, जर रोगाचा इतिहास पालटला नसता. 1943 मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडले, 1952 मध्ये आयसोनिआझिड वापरात आले. 1959 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मद्रास येथील अभ्यासाने दाखविले की, घरी राहून औषध घेणारे रोगी आरोग्यधामातील रोग्यांच्या जवळपास बरोबरीने बरे होतात आणि घरच्यांना त्यामुळे अधिक धोका पोचत नाही. आरोग्यधामाची गॅलरी, शाल, दूरचे डोंगर हा सारा देखावा त्याबरोबर मावळला. क्षय घरातील फडताळात, गोळ्यांच्या पाकिटात आला. आणि या नव्या क्षयाचे मर्म नेमके मधल्या काळात आहे. दोन महिन्यांत ताप जातो, खोकला थांबतो, वजन वाढते. रोग्यास आपण बरे झालो असे वाटते, आणि गोळ्या सुटतात त्या येथे. अर्धवट उपचारांतून औषधांना दाद न देणारा जंतू बळावतो, मग उपचार अधिक कठीण होतात. पूर्वी त्या उपचारांत कानात दडे बसविणारी इंजेक्शने असत. अलीकडे बेडाक्विलिनसारख्या तोंडाने घ्यावयाच्या औषधांनी त्यांची जागा बरीचशी घेतली आहे. तिसऱ्या महिन्यात, काहीही दुखत नसताना, तांबूस गोळी हातात घेऊन बसलेल्या माणसास 'आनंदी गोपाळ'मध्ये आपले काही सापडत नाही. काशीबाईंच्या ग्रंथातील पत्रांत थोडे सापडते. लेखिकेस ते सापडले.

पदव्युत्तर वर्गात हे चरित्र नेमले असता विद्यार्थी प्रथम शेवटचे प्रकरण उघडतात, असा अनुभव आहे. पूकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आनंदीबाईंची रक्षा आहे, हे ते उत्साहाने सांगतात. कार्पेंटरबाईंशी झालेल्या पत्रव्यवहारात प्रकृतीचा विषय कोणत्या शब्दांत येतो, स्वतःच्या दुखण्यास आनंदीबाई कोणते नाव देतात, आणि वैद्यकाचे शिक्षण सुरू झाल्यावर ते शब्द बदलतात की नाही, एवढे पाहण्यासाठी सर्व पत्रे तारीखवार लावून वाचावी लागतील. येत्या सत्रात वर्गात ते काम हाती घ्यावयाचे योजिले आहे.