घुंगरांचे हजेरीपत्रक

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांनी तमाशाला काय दिले हे लिहायला बसले तर एक गौरवग्रंथ सहज भरेल. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव, वाटेगावचे अण्णा भाऊ साठे, कवलापूरचे काळू-बाळू, वाईच्या यमुनाबाई, साताऱ्याचे नाव मिरवणाऱ्या कांताबाई सातारकर, कराडजवळच्या करवडीच्या मंगला बनसोडे. यांपैकी किती जणांचा विमा होता, कुणाला भविष्यनिर्वाह निधी मिळाला, गुडघे गेल्यावर घर कशावर चालले, हे मात्र कुणी विचारत नाही. डीजेने आणि मोबाइलने तमाशा मारला, ही रड आता जुनी झाली. तमाशाच्या आजच्या अवस्थेची चर्चा या न विचारलेल्या प्रश्नांपासून व्हायला हवी.

कुलकर्णीपण सोडून फडात शिरलेले बापूराव 1945 मध्ये पुण्यात हलाखीतच गेले. आज त्यांच्या नावाने पुरस्कार दिला जातो. मंगलाताईंच्या आई विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांची गोष्ट तर सर्वांना पाठ आहे: खेळ चालू असताना कळा आल्या, तंबूमागे बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. भाषणात ही गोष्ट कलानिष्ठेचा कळस म्हणून सांगतात आणि टाळ्या घेतात. मला ती बाळंतपणाच्या रजेची गोष्ट वाटते. कारखान्यात एखाद्या बाईवर ही वेळ आली असती तर मालकावर खटला भरला असता. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या विठाबाईंच्या अखेरच्या आजारपणाचा खर्च, 2002 मध्ये, देणग्यांवर भागवावा लागला.

फडाचे अर्थकारण या भागातल्या वाचकाला नव्याने समजावण्याची गरज नाही, कारण तेच चक्र तो उसाच्या फडात बघतो. हंगामाआधी उचल, मग ती फिटेपर्यंत राबणे. दसऱ्याला फड बाहेर पडतो आणि अक्षय्य तृतीयेच्या आसपास परततो. खरी कमाई चैत्र-वैशाखातल्या गावजत्रांची. नाचणारी, ढोलकीवाला, सोंगाड्या, तंबू ठोकणारा बिगारी, सगळे उचलीवर बांधलेले. आणि ती उचल द्यायला फडमालक स्वतः सावकाराच्या दारात. अवकाळी पावसाने चार सुपाऱ्या बुडाल्या की साखळीतला प्रत्येक जण बुडतो. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली ती नेमकी जत्रांच्या तोंडावर. राज्य सरकारने पुढच्या वर्षी, ऑगस्टमध्ये, 56 हजार कलावंतांना प्रत्येकी 5 हजार रुपये एकदाच देण्याचे ठरवले. तोवर दोन हंगाम गेले होते, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात कांताबाईही करोनाने गेल्या.

सरकार काहीच करत नाही असे नाही. तमाशा फडांसाठी अनुदान आहे, विठाबाईंच्या नावाचा जीवनगौरव आहे. ज्येष्ठ कलावंतांच्या मानधनाची योजना तर पन्नासच्या दशकातली आहे. 2024 मध्ये तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव मिळाले आणि मानधन सरसकट 5 हजार झाले. वाढ चांगलीच आहे. पण योजनेची रचना पाहा. वय पन्नास हवे, कलेतला पंधरा वर्षांचा पुरावा हवा, आणि जिल्ह्यातून वर्षाला फक्त शंभर जणांची निवड. लेखक, कीर्तनकार, भजनी, शाहीर आणि तमाशातली बाई, सगळे एकाच रांगेत. जिने आयुष्यभर राहुटीत दिवस काढले तिने पंधरा वर्षांची कात्रणे कुठून आणायची? पॅरिसच्या ऑपेरातले नर्तक बेचाळिसाव्या वर्षी निवृत्तिवेतन घेतात; तो हक्क जाऊ नये म्हणून 2019 च्या डिसेंबरात ते संपावर गेले आणि ऑपेराच्या पायऱ्यांवर नाचले. आपल्याकडे गुडघे चाळिशीत जातात आणि अर्ज पन्नाशीत भरता येतो. मधली दहा वर्षे कुणाची?

पुरस्कारांबद्दल कडवट बोलणे सोपे आहे, म्हणून आवरते घेतो. यमुनाबाईंना संगीत नाटक अकादमीचा सन्मान 1977 मध्ये मिळाला, पद्मश्री 2012 मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर. त्यांनी लावणीची अदा आणि गायकी दिल्लीच्या सभागृहांत नेली, तो मान त्यांचाच होता. पण सन्मान एकीला मिळतो, ताफा तसाच राहतो.

कायद्याच्या नजरेत ही माणसे कामगारच नाहीत, हे खरे दुखणे आहे. सिनेमात नाचणारी मुलगी 1981 च्या कायद्याने सिने-कामगार ठरली, तिच्यासाठी कल्याण निधी झाला. तीच मुलगी ढोलकीवर नाचली की 'लोककलावंत' होते आणि हक्काऐवजी कौतुक तिच्या वाट्याला येते. कपडे बदलायला कनातीचा एक आडोसा, इतकीच तिची सुरक्षितता. एका लोकप्रिय नर्तकीचे कपडे बदलताना चोरून चित्रण झाले, तेव्हा 2023 मध्ये चार दिवस संताप झाला. कार्यक्रमाच्या ठिकाणी बंद खोली सक्तीची करावी, हे मात्र कुणाला सुचले नाही.

उत्तर परदेशातून आणण्याची गरज नाही. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळेचे अण्णासाहेब पाटील यांनी आज इथे, उद्या तिथे राबणाऱ्या हमालांसाठी लढा दिला आणि 1969 चा माथाडी कायदा झाला. मालक बदलता असला तरी मंडळ एकच. मजुरीवर लेव्ही भरायची, त्यातून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, दवाखाना. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठीही साखर कारखान्यांकडून टनामागे 10 रुपये घ्यायचे ठरले. मग प्रत्येक सुपारीवर आणि प्रत्येक तिकिटावर कलावंत मंडळाची लेव्ही का नको? फडमालक म्हणतील, आमचेच कंबरडे मोडले आहे. बरोबर आहे, म्हणून हा भार सुपारी देणाऱ्यावर हवा, मालकावर नको. फडाच्या कीर्दीत ज्याचे नाव उचलीपुरते असते, ते मंडळाच्या हजेरीपत्रकावर चढले की पन्नाशीत पुरावा शोधत फिरावे लागणार नाही.

कायदा व्हायला वर्षे जातील. तोवर सातारा-सांगलीतल्या यात्रा कमिट्यांना एक विनंती. यंदा सुपारीच्या कागदावर रकमेखाली तीन ओळी वाढवा: ताफ्यातल्या सगळ्यांचा त्या रात्रीचा अपघात विमा कमिटीच्या खर्चाने, बायकांना कपडे बदलायला कुलूप लागणारी खोली, आणि खेळ पावसाने बुडाला तरी निम्मी रक्कम.