वादळाची उजवी बाजू

3 जून 2020 च्या दुपारनंतर मराठी वृत्तवाहिन्यांवर आणि दुसऱ्या दिवशीच्या बहुतेक वृत्तपत्रांत एकच सूर होता: मुंबईवरचे संकट टळले. वाक्य खोटे नव्हते. पण भारतीय हवामान विभागाच्या नोंदीनुसार त्याच दिवशी दुपारी साडेबारा ते अडीच या वेळात 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्याचा किनारा ओलांडत होते. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता आणि झोत 130 पर्यंत जात होते. श्रीवर्धन, दिवेआगर, म्हसळा, मुरुड-जंजिरा आणि पलीकडे रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड, दापोली या पट्ट्यात छपरे उडत होती, माड-पोफळी आडव्या होत होत्या. बातमी जिथे संपली असे आपल्याला वाटले, तिथे ती सुरू होत होती.

या वादळाविषयी मराठीत जे छापले गेले, त्याची कात्रणे आणि हवामान विभागाची त्या चार दिवसांतली बुलेटिने शेजारी ठेवून मी वाचत आलो आहे. छत्रपती संभाजीनगरात बसून समुद्राविषयी लिहिण्याचा अधिकार काय, असे कोणी विचारू शकेल. पण हा लेख समुद्राविषयी नाही. वादळाचा माग मराठीत कसा काढला जातो, त्याविषयी आहे. आणि जिल्ह्याच्या नावाने आलेला पावसाचा अंदाज आपल्या शिवारात वेगळाच निघतो, हा अनुभव मराठवाड्याला पुरेसा आहे.

आधी बुलेटिनांकडे पाहू. 31 मे रोजी अरबी समुद्राच्या आग्नेय भागात, लक्षद्वीपजवळ कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले. 1 जूनला त्याचा डिप्रेशन झाला, 2 जूनच्या दुपारी चक्रीवादळ झाले आणि नाव मिळाले, 3 जूनच्या पहाटे ते तीव्र चक्रीवादळ झाले. सुरुवातीच्या अंदाजात ते हरिहरेश्वर ते दमण यांच्या दरम्यान किनारा ओलांडेल असे म्हटले होते. नकाशावर मोजले तर हा पट्टा पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास भरतो आणि मुंबई जवळजवळ त्याच्या मधोमध येते. 2 जूनला अंदाज नेमका झाला: अलिबागजवळ, 3 जूनच्या दुपारी. एक दिवस आधी दिलेला हा अंदाज दिवस आणि प्रहर दोन्ही बाबतींत बरोबर ठरला. किनाऱ्यावरची हजारो माणसे वेळेत हलवता आली, ती त्यामुळेच. म्हणून माझी तक्रार शास्त्राविषयी नाही.

तक्रार 'अलिबागजवळ' या शब्दाविषयी आहे. हवामान विभागाने नंतर 'अलिबागच्या दक्षिणेस' असे नोंदवले. जिल्हा प्रशासनाने त्या दिवशी दिवेआगर-श्रीवर्धनचे नाव घेतले. अलिबाग ते श्रीवर्धन हे अंतर सरळ रेषेत 65-70 किलोमीटर असेल आणि मध्ये रेवदंड्याची व राजपुरीची अशा दोन खाड्या आहेत. अरबी समुद्राच्या नकाशावर हे अंतर बोटाच्या पेराएवढेही नाही, त्यामुळे त्या नकाशापुरते 'अलिबागजवळ' बरोबरच आहे. पण श्रीवर्धनच्या माणसाला अलिबाग जवळ वाटत नाही. बुलेटिनांत वादळाचे अंतर पणजी, मुंबई आणि सुरत या तीन शहरांपासून दिलेले असे. मराठी माध्यमांनी त्यातला मुंबईचा आकडा तेवढा उचलला. वादळ मुंबईपासून किती दूर, हा एकच प्रश्न दोन दिवस विचारला गेला. वादळाचा माग काढणे म्हणजे मुंबईचे अंतर मोजणे, असा त्याचा अर्थ झाला.

त्यातही बाजू चुकली, ही मला सर्वांत गंभीर गोष्ट वाटते. आपल्या गोलार्धात चक्रीवादळातले वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. वादळ ज्या दिशेने सरकते, तिच्या उजव्या अंगाला वाऱ्याचा वेग आणि वादळाची स्वतःची चाल यांची बेरीज होते; डाव्या अंगाला वजाबाकी. 'निसर्ग' आधी उत्तरेकडे आणि मग ईशान्येकडे वळत जमिनीवर आले. ईशान्येकडे तोंड करून उभे राहिले, तर उजवा हात आग्नेयेकडे जातो. म्हणजे वादळ अलिबागच्या आसपास येणार हे ठरल्याक्षणी अधिक धोका दक्षिणेला होता: श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बाणकोटची खाडी, मंडणगड, दापोली. समुद्रावरचा वारा तिथे थेट किनाऱ्यावर येणार होता. मुंबई डाव्या अंगाला होती. हे हवामानशास्त्राच्या कोणत्याही प्राथमिक पुस्तकात सापडते. तरी कॅमेरे वरळीला आणि मरीन ड्राइव्हला उभे होते. उजवी बाजू म्हणजे काय, हे दोन ओळींत सांगणारा मजकूर माझ्या कात्रणांत एकही नाही. आकडे भरपूर आहेत.

आकड्यांतही एक आकडा गाजला: 129. मुंबईला 129 वर्षांनी चक्रीवादळाचा तडाखा, असे सर्वत्र छापून आले. मूळ विधान जून महिन्यापुरते होते आणि मोजणी 1891 पासून होती. 'जून' हा शब्द वाटेत गळला आणि विधान भलतेच झाले. नोव्हेंबर 1948 मध्ये मुंबईने मोठे चक्रीवादळ सोसले आहे. मे 1961 मध्ये एक तीव्र वादळ रत्नागिरीच्या बाजूने कोकणात शिरले होते. 11 नोव्हेंबर 2009 रोजी 'फयान' अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान जमिनीवर आले. ते तर वार्ताहरांच्या स्वतःच्या आठवणीतले असायला हवे होते.

याच ओघात 1882 चे 'ग्रेट बॉम्बे सायक्लोन' पुन्हा वर आले. 6 जून 1882, एक लाखाहून अधिक मृत्यू. हे वादळ कित्येक याद्यांत आहे, पण त्या काळच्या वृत्तपत्रांत आणि हवामानाच्या नोंदींत त्याचा माग लागत नाही. ते झालेच नाही असे अभ्यासकांचे मत आहे. त्यासाठी दफ्तरखान्यात जाण्याचीही गरज नाही. 1881 च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या 7,73,196 होती. एक लाख माणसे गेली असती, तर दर आठ माणसांमागे एक गेला असता आणि त्या शहराच्या प्रत्येक कुटुंबात, पोवाड्यात, म्हणीत ती खूण राहिली असती. न झालेले वादळ मुंबईचे म्हणून याद्यांत टिकते आणि झालेले 1961 चे वादळ कोकणाचे म्हणून विसरले जाते, हा काही योगायोग नव्हे.

शब्दांकडेही पाहायला हवे. लँडफॉलसाठी आपण 'धडकणे' हे क्रियापद रूढ केले. धडक एका क्षणात होते आणि संपते. प्रत्यक्षात वादळाचा डोळा जमिनीवर यायलाच तास-दोन तास लागतात. आधी एका दिशेचा वारा, मग डोळ्याखाली आलेल्या गावात फसवी शांतता, मग उलट दिशेने वारा. पहिल्या वाऱ्यात तगलेले झाड दुसऱ्या वाऱ्यात जाते. 'धडकले' म्हटले की पुढचे काही सांगण्यासारखे उरत नाही. उलटही होते. मे 2021 मधले 'तौक्ते' महाराष्ट्रात कुठेच 'धडकले' नाही, ते गुजरातेत ऊना-दीवच्या बाजूला गेले. तरी 17 मे रोजी कुलाब्याला ताशी 114 किलोमीटरचा झोत नोंदला गेला आणि समुद्रात पी-305 हा बार्ज बुडून साठाहून अधिक कामगार दगावले.

'घोंगावणे' हा तर माशीचा शब्द. तो वादळाला कोणी लावला कोण जाणे. आणि नावाचा श्लेष. 'निसर्ग' हे नाव बांगलादेशाने सुचवलेले, तेरा देशांच्या नव्या यादीतले पहिले. ते मराठीत जसेच्या तसे कळले, हे भाषेच्या दृष्टीने दुर्दैवच म्हणायचे. 'निसर्ग कोपला' या धर्तीच्या मथळ्यांना ऊत आला. 'अम्फान' किंवा 'तौक्ते' कोपले असे कोणी लिहिले नाही. कोप म्हटला की विजेचे खांब, पत्र्यांची छपरे, खाडीकाठची घरे यांविषयी कोणाला प्रश्न विचारायला नकोत.

3 जूननंतर काय झाले, हे मराठीत तुटक-तुटक सापडते. वीज आणि मोबाईल दोन्ही गेल्याने कित्येक गावांची खबरच बाहेर येईना. टाळेबंदी नुकती सैल होत होती, पावसाळा तोंडावर होता आणि पत्रे मिळत नव्हते, मिळाले तर महाग मिळत होते. वाड्या गेल्या. श्री. ना. पेंडसे यांच्या 'गारंबीचा बापू'पासून (1952) पोफळीच्या वाड्या मराठी वाचकाच्या ओळखीच्या आहेत, पण वातावरण म्हणून. श्रीवर्धनची रोठा सुपारी ही शेकडो कुटुंबांची वर्षाची बेगमी आहे, हा भाग त्या ओळखीत येत नाही. नवे पोफळीचे रोप लावले तर फळ धरायला पाच-सहा वर्षे जातात, माडाला त्याहून अधिक.

सरकारने फळबागांची मदत हेक्टरी 18,000 वरून 50,000 रुपये केली. मुंबईत ऐकताना हा आकडा मोठा वाटतो. पोफळीची लागवड साधारण 2.7 मीटर अंतराने करतात; त्या हिशोबाने हेक्टरी सुमारे 1,370 झाडे बसतात. म्हणजे झाडामागे 36-37 रुपये. शिवाय तिथली वाडी हेक्टरांत नसते, गुंठ्यांत असते. दहा गुंठ्यांच्या धन्याला पाच हजार, आणि पडलेली झाडे कापून वाडी मोकळी करण्याची मजुरी त्यातूनच. मदत क्षेत्रावर नको, झाडावर द्या, ही मागणी किनाऱ्यावरून आली ती याच हिशोबातून. माझ्या कात्रणांत ती बातमी आतल्या पानावर, एका स्तंभात आहे.