लाल अक्षरांची निवड : ‘रोमा’ या साधनाविषयी

मिस्साग्रंथ ज्याने उघडून पाहिला आहे, त्याला त्यातील दोन रंगांची अक्षरे परिचित असतील. काळी अक्षरे उच्चारायची आणि लाल अक्षरे आचरायची, हा धडा सेमिनरीत आम्हांला प्रारंभीच मिळाला. लाल अक्षरे ही प्रार्थना नव्हे. तथापि कोणी बोलावे, कोठे थांबावे, केव्हा गुडघे टेकावे, हे त्यांच्यावाचून कळत नाही.

जुना ग्रंथ संगणकावर उतरविताना नेमकी अशीच लाल अक्षरे लागतात. यंत्राला ओवी आणि तळटीप यांतील भेद आपण होऊन उमगत नाही. मूळ लेखकाचा शब्द कोणता आणि संपादकाने सुचविलेला कोणता, हेही त्याला सांगावे लागते. यासाठी मजकुरात खुणा घालतात. या खुणांना शिस्त लावण्याचे कार्य ‘टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह’ अर्थात ‘टीईआय’ या उपक्रमाने केले. नोव्हेंबर १९८७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे, व्हासर कॉलेजात भरलेल्या बैठकीत त्याचा पाया घातला गेला. लू बर्नार्ड आणि मायकेल स्पर्बर्ग-मॅक्क्वीन यांनी संपादिलेली नियमावलीची तिसरी आवृत्ती १९९४ साली आली. पाचवी २००७ साली आली आणि तीच आजवर सुधारत नेली जात आहे. नाटके, शब्दकोश, हस्तलिखिते, भाषणे अशा सर्वांची सोय करता करता तीतील खुणांची संख्या पाचशेच्या पुढे गेली आहे.

एवढ्या खुणा कोणत्याही एका ग्रंथाला लागत नाहीत. म्हणून आपापल्या कामापुरती निवड करावी, अशी मुभा नियमावलीनेच दिली आहे. पूर्वीच्या आवृत्त्यांच्या काळात या निवडीसाठी ‘पिझ्झा शेफ’ नावाचे साधन होते. आधी पोळी निवडावी आणि मग तीवर हवे ते पसरावे, अशी ती गमतीदार कल्पना. पुढे ‘रोमा’ आले. ऑक्सफर्डचे सेबॅस्टियन रात्झ यांचे नाव या साधनाशी निगडित आहे; २०१६ साली ते निवर्तले. त्यानंतर राफाएले विग्लियांती यांनी नवी रोमा घडविली आणि जुनीला ‘रोमा अँटिकुआ’ असे भारदस्त लॅटिन नाव लाभले.

रोमाची कार्यपद्धती सुटसुटीत आहे. संपूर्ण नियमावली, अगदी किमान संच अथवा आधी कोणी केलेली निवड यांपैकी काहीतरी आरंभासाठी घ्यावे. मग पडद्यावरील यादीतून नको त्या खुणा वगळाव्यात, हव्या त्या घ्याव्यात. एखाद्या खुणेचा ‘प्रकार’ लिहिताना कोणतेच शब्द चालतील, हेही ठरवून टाकता येते. शेवटी यंत्र एक आराखडा सिद्ध करून देते. मजकूर उतरविणारा नियम सोडून गेला, की तो आराखडा त्याला अडवितो. या साऱ्याच्या मुळाशी ‘ओडीडी’ नावाची संहिता असते. एकाच दस्तऐवजाने सर्व कामे करावीत, असा त्या नावाचा आशय आहे: तपासणीचे नियम तीतूनच निघतात आणि माणसाला वाचण्याजोगे स्पष्टीकरणही तीतूनच निघते.

हा गुण मोठा आहे. संगणकाची भाषा न जाणणाऱ्या अभ्यासकाच्या हाती नियम घडविण्याचे सामर्थ्य येते, ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु साधनाची खरी पारख कठीण प्रसंगी होते. म्हणून आपल्या परिचयाचा एक ग्रंथ कसोटीस लावू.

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’च्या १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही जुन्या आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. नकलकारांनी जे लिहून ठेवले, तेवढेच आपल्या हाती आले. सालढाणा यांची १९०७ ची मंगळूरची आवृत्ती रोमन लिपीत आहे. लंडनला जतन झालेले मार्सडन संग्रहातील हस्तलिखित देवनागरीत आहे. सुमारे ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ कोणी टीईआयच्या पद्धतीने उतरवू म्हणेल, तर त्याने रोमात काय निवडावे?

ओवीसाठी आणि चरणासाठी खूण हवी, हे उघड आहे. परंतु पाठभेद नोंदविणाऱ्या खुणांचे काय? जुने लेखन आणि आजचे लेखन शेजारी शेजारी ठेवण्याची सोय करणाऱ्या खुणांचे काय? यादी लांबते म्हणून कोणी त्या वगळल्या, तर काम झपाट्याने होईल. पण प्रत्येक ठिकाणी उतरविणाऱ्याला एकच रूप स्वीकारावे लागेल. सोयीचे आधुनिक रूप राहील आणि सतराव्या शतकातील मराठी रोमन अक्षरांत कशी लिहिली जात असे, याची साक्ष पुसली जाईल. आराखडा मात्र निर्दोष असल्याचा निर्वाळा देईल. जी खूण यादीतच नाही, तिची उणीव त्याला कशी जाणवावी?

आमचा मुख्य आक्षेप येथे आहे. रोमा खूण वगळू देते, पण का वगळली, असे विचारीत नाही. ज्या ओडीडीवर ती उभी आहे, त्या संहितेत संपादकाला आपली भूमिका पानेच्या पाने मांडता येते. नियम आणि नियमामागील विचार एकत्र नांदावेत, हाच तिचा हेतू. पडद्यावर मात्र बोटाच्या एका दाबासरशी निवड होते आणि विचार मौन राहतो. दहा वर्षांनी तो आराखडा उघडणाऱ्याला नियम दिसेल, नियमकर्त्याचे मन दिसणार नाही.

दुसरी उणीव साधनापेक्षा आपल्याकडे अधिक बोट दाखविते. टीईआयच्या खुणांची लहान वर्णने फ्रेंच, स्पॅनिश, जपानी, चिनी अशा भाषांत झाली आहेत. मराठीत ती नाहीत. ओडीडीत वर्णन कोणत्याही भाषेत लिहिण्याची मुभा आहे. ज्या परदेशी धर्मगुरूने आपली भाषा शिकून तीत पुराण रचले, त्याच्या ग्रंथाच्या खुणा समजाविण्यासाठी आपण परभाषेवर विसंबावे, हे शोभण्यासारखे नाही.

तेव्हा निष्कर्ष असा, की रोमा हे उत्तम साधन आहे. मात्र ते नम्रतेने वापरावयास हवे. काय ठेवावे हे ती सुलभ करते, काय गमावले जाईल याचा विचार आपल्यावर सोपविते. आमच्या पॅरिशमधील तरुण संगणकावर सहज वावरतात. त्यांच्यापैकी कोणी आजीच्या लग्नगीतांची वही वा जुन्या भजनांचे पुस्तक हाती घेतले, तर त्यांना एवढेच सांगणे आहे: प्रत्येक खूण वगळताना शेजारी एक वाक्य कारणाचे लिहा. क्रिस्तपुराणाच्या नकलकारांनी असे एक वाक्य जागोजागी लिहिले असते, तर आपण आज किती श्रीमंत असतो!