'शिल्लक' पऱ्हाटी म्हणजे नेमकी कोणाची?

माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात एक नकाशा आहे. नागपूर जिल्ह्यातला कोणता तालुका शेतातल्या काडीकचऱ्यातून किती ऊर्जा देऊ शकेल, ते त्यात रंगांनी दाखवलंय. सावनेर गडद हिरवा आहे, म्हणजे भरपूर. नकाशा दिसतो छान. पण तो मला आता पटत नाही, आणि का पटत नाही ते तुम्हाला सांगायचंय, कारण अशाच नकाशांच्या भरवशावर धोरणं लिहिली जातात.

असा नकाशा बनतो कसा? तालुक्यात कपाशी किती हेक्टर आहे ते घ्यायचं. कापूस वेचून झाल्यावर उभी राहणारी पऱ्हाटी हेक्टरी दोन ते तीन टन धरायची. गुणाकार करायचा. त्यातून चूल, कुंपण वगैरेंना लागणारी वजा करायची आणि उरली ती 'शिल्लक'. आता ही वजाबाकी कुठे होते? बहुतेक वेळा टेबलावर. आधीच्या कोणाच्या तरी निबंधातली टक्केवारी उचलायची आणि सगळ्या तालुक्यांना सारखीच लावायची. मीही तेच केलं होतं, खोटं कशाला बोलू.

देशपातळीवरही हाच शब्द भेटतो. केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचा आकडा असा: वर्षाला सुमारे ७५ कोटी टन जैवभार, त्यातला साधारण २३ कोटी टन शिल्लक. अन्नदात्याला ऊर्जादाता करायचं, असं नागपूरचे खासदार नितीन गडकरी सांगत असतात. त्या स्वप्नाचा मोठा भार या 'शिल्लक'वरच आहे.

सावनेर तालुक्यातल्या एका घरी मी सरळच विचारलं, की पऱ्हाटी उरते किती? अंगणात माझ्या उंचीची गंजी रचलेली होती. काकू हसल्या. "उरते कुठं बाई? पावसाळ्यात चूल कायच्यावर पेटवू मंग?" घरात सिलिंडर होता. पण तो चहापुरता आणि पाहुणे आले तर. भाकरी आणि आंघोळीचं पाणी पऱ्हाटीवर. शिवाय ती गंजी त्यांच्या एकट्यांची नव्हती. ज्या बाईने चिमट्याने पऱ्हाटी उपटून दिली, तिने मजुरीऐवजी अर्धी नेली होती. तिला शेत नाही, म्हणून माझ्या तक्त्यात ती नाहीच. तिच्या चुलीचं जळण मात्र मी 'शिल्लक'मध्ये धरलं होतं.

एका घरावरून तालुक्याचा निष्कर्ष काढू नये, मान्य. म्हणून उलट्या बाजूने हिशेब करून बघू. ऑक्टोबर २०२१ मध्ये ऊर्जा मंत्रालयाने औष्णिक केंद्रांना कोळशात ५ टक्के जैवभाराचे पेलेट मिसळायला सांगितलं. कल्पना वाईट नाही. वाळलेल्या पऱ्हाटीचं उष्मांकमूल्य किलोला ४००० किलोकॅलरीच्या आसपास, म्हणजे आपल्या साध्या कोळशाच्या जवळ जाणारं. सावनेर तालुक्यातलंच खापरखेडा केंद्र घ्या, क्षमता १३४० मेगावॉट. ते ७० टक्के भाराने चाललं आणि युनिटला ७०० ग्रॅम कोळसा धरला, तर दिवसाला पंधरा-सोळा हजार टन कोळसा लागेल. त्याचे ५ टक्के म्हणजे जवळपास ८०० टन पेलेट. हेक्टरी अडीच टनांनी रोज तीनशेवर हेक्टरांची पऱ्हाटी, वर्षाला एक लाख हेक्टरांच्याही वर! जिल्ह्यातली कपाशी ढोबळमानाने दोन लाख हेक्टर. म्हणजे एका केंद्राच्या विसाव्या हिश्श्यासाठी निम्म्याहून जास्त जिल्हा. कोराडी तर अजून मोजलंच नाही.

हे आकडे ढोबळ आहेत, तुम्ही भार कमी-जास्त करून पाहा. प्रश्न तोच राहतो.

ही चूक नवी पण नाही. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने जट्रोफाची मोठी योजना मांडली होती. २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल, त्यासाठी एक कोटीहून जास्त हेक्टर लागवड, तीही 'पडीक' जमिनीवर. पडीक म्हणजे कोणाचीच नाही, असं गृहीत धरलेलं. तिथे कोणाच्या शेळ्या चरतात, कोण सरपण आणतं, ते गणितात आलंच नाही. २०१८ च्या जैवइंधन धोरणात बायोडिझेलचं लक्ष्य २०३० पर्यंत ५ टक्क्यांवर आलं. 'पडीक' आणि 'शिल्लक' हे दोन शब्द मला सख्खे भाऊ वाटतात.

मग पऱ्हाटी चुलीतच जाळत राहायची का? मुळीच नाही. चुलीचा धूर काकूंच्या छातीत जातो, आणि "स्थानिक उपयोग" असं गोंडस नाव दिल्याने तो कमी होत नाही. दुसरं कारण गुलाबी बोंडअळीचं. २०१७ च्या हंगामात विदर्भाने जे भोगलं ते तुम्हाला आठवत असेल. पऱ्हाटीला राहिलेल्या किडक्या बोंडांत अळी दडून बसते, म्हणून फरदड घेऊ नका, पऱ्हाटी वेळेत काढा आणि शेताजवळ गंज्या लावू नका, असं शास्त्रज्ञ सांगतात. त्यामुळे पऱ्हाटी शेतातून लवकर हलवणाऱ्या कोणत्याही योजनेला माझा पाठिंबा आहे. नागपुरात कापूस तंत्रज्ञान संस्थेच्या जिनिंग केंद्राने पऱ्हाटीपासून कांड्या आणि पेलेट करण्यावर काम केलंय. शहरातल्या दहनघाटांवर शेतकचऱ्याचं 'मोक्षकाष्ठ' वापरतात. तंत्र अडलेलं नाही.

(फ्युएल सेलचं काय, असं काही जण विचारतील. शेणाच्या गॅसवर तो चालतो. पण त्या गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड आधी काढावा लागतो, नाहीतर सेलमधलं निकेल निकामी होतं. गावात हे रोज कोण बघणार, त्याचं उत्तर मिळालं की त्यावर लिहीन.)

माझं भांडण एवढ्याशीच आहे, की पऱ्हाटीचा भाव ठरवताना ती आज कोणाच्या घरात जळते हे विचारलं जात नाही. शेतकऱ्याला टनामागे पैसे मिळतील, ठीक. अर्धी गंजी नेणाऱ्या बाईला काय मिळेल? तिला तेव्हा रोख मजुरी मिळाली, तरी सिलिंडर भरायला ती पुरेल का?

तिसरं प्रकरण मी परत लिहायला घेतलंय. यंदा वेचणी संपली की वजनकाटा घेऊन सावनेरच्या गावांत जाणार आहे. तक्त्यात तीन नवे रकाने घातलेत: पऱ्हाटी उपटली कोणी, नेली कोणी, आणि आषाढात चूल कशावर पेटली. ते भरेपर्यंत नकाशात सावनेरला रंग दिलेला नाही. मार्गदर्शकांना ती कोरी जागा आवडलेली नाही, पण अजून खोडायलाही सांगितलेलं नाही.