नदीचे ‘सरळीकरण’: एका परिभाषेची चिकित्सा

पारिभाषिक शब्द केवळ वस्तूचा निर्देश करतो, तिच्याविषयी मत देत नाही, अशी समजूत रूढ आहे. नदीविषयक परिभाषा ती खोटी ठरविते. योहान टुला या अभियंत्याच्या योजनेनुसार १८१७ मध्ये ऱ्हाइन सरळ करण्यास आरंभ झाला. त्या उद्योगास त्याने दिलेल्या नावाचा अर्थ ‘दुरुस्ती’ असाच होतो. जणू नदीचे वळण हा हस्तदोष होय! बाझेल ते वर्म्स या टप्प्यात ती सुमारे ८१ किलोमीटरांनी आखूड झाली.

मराठीतही ‘सरळ’ हा गुण व ‘वाकडा’ हा दोष. तथापि वाकणे आणि शिस्त हे दोन्ही अर्थ ‘वळण’ या एकाच शब्दात नांदतात, याकडे आपल्या परिभाषाकारांनी पाहावयास हवे होते.

फ्लॉरिडातील किसिमी नदीचे उदाहरण येथे बोधक आहे. १९४७ च्या पुरांनंतर पूरनियंत्रणाचा आग्रह वाढला. पुढे १९६२ ते १९७१ या काळात सुमारे १६६ किलोमीटरांच्या नागमोडी पात्राऐवजी ९० किलोमीटरांचा कालवा खोदण्यात आला. पाणथळी आटल्या, हिवाळी बदके जवळजवळ नाहीशी झाली. १९९९ ते २०२१ मध्ये सुमारे ३५ किलोमीटर कालवा बुजविला गेला, आणि पाणी जुन्या वळणांत परतले, पक्षीही परतले. या कामास ‘पुनर्निर्मिती’ म्हणणे चूक आहे, कारण नदी कोणी निर्माण केली नाही. माणसाने आपलेच काम मोडले. ‘पूर्ववत् करणे’ हेही अतिव्याप्तच, कारण पूररक्षणासाठी कालव्याची दोन्ही टोके तशीच ठेवावी लागली. शिवाय काठची विस्तृत जमीन शासनाने आधी विकत घेतली होती, हे उत्साही अनुवादकांनी विसरू नये.

आपल्याकडे ‘नदीसुधार’ हे पद सांडपाण्याच्या शुद्धीकरणास आणि काठावरील भराव-भिंतींस सारखेच लावले जाते. पहिले काम नदीला निर्मळ करते, दुसरे तिचे पात्र आवळू शकते. एकाच शब्दाखाली दोन्ही आली की विरोधकासही ‘सुधारणेचा विरोधक’ व्हावे लागते. पुराला पसरण्यास जागा देणे, या कल्पनेस तर रुळलेला शब्दच नाही. ‘मळई’ व ‘डोह’ हे शब्द मात्र आहेत. मळई म्हणजे गाळाने घडलेली जमीन. ‘पूरमैदान’ त्याहून व्यापक असल्याने पाठ्यपुस्तकातील ती रूक्ष संज्ञा तूर्त तरी टाकता येत नाही.