पापाचा धनी

झाशी शहराच्या जुन्या तटाला जे दहा दरवाजे होते, त्यांपैकी एकाचे नाव खंडेराव दरवाजा. आज तो भाग खंडेराव गेट म्हणून ओळखला जातो. दतिया, उन्नाव, बडागाव, ओरछा, सागर अशा नावांच्या रांगेत हे एकच नाव असे की, ते कानी पडताच मराठी मनाला जेजुरी आठवावी. ह्या दरवाजाचा पहारा १८५८ च्या वेढ्यात सागरसिंह नावाच्या एका पूर्वाश्रमीच्या दरोडेखोराकडे होता, राणीने त्याला क्षमा करून पदरी घेतले होते आणि त्याने येथेच प्राण दिला, अशी आख्यायिका झाशीत चालत आली आहे. ह्याच तटाच्या ओरछा दरवाजाशी दुसरी आख्यायिका जोडलेली आहे. तेथे दूल्हाजू नावाच्या सरदाराने फितुरी करून शत्रूला वाट दिली, असे ती सांगते. वृंदावनलाल वर्मा यांच्या १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या हिंदी कादंबरीने ही पात्रे घरोघर पोचविली.

ह्या दोन आख्यायिका खऱ्या किती, हा आमचा प्रश्न नाही. इंग्रजांच्या लष्करी वृत्तान्तांत ३ एप्रिल १८५८ च्या हल्ल्याचे जे वर्णन येते, त्यात तटाला लावलेल्या शिड्या आहेत आणि तोफांनी पाडलेले भगदाड आहे. परंतु एवढ्याने लोकमनाचे समाधान होत नाही. पराभवाला कारण असून भागत नाही, त्याला कोणी धनी लागतो. आपल्या भाषेत 'पापाचा धनी' असा शब्दप्रयोग आहे, तो ह्या वृत्तीचाच उद्गार होय. दूल्हाजूच्या माथी खापर फोडले की उरलेला तट निष्कलंक होतो. सागरसिंहाला क्षमा केली की राणीच्या न्यायबुद्धीची साक्ष मिळते. संस्कृतीचे न्यायालय असे चालते. तेथे पुराव्यापेक्षा निकालाची निकड अधिक असते.

झाशीवर असे तीन निवाडे झाले आहेत. पहिला कंपनी सरकारचा, दुसरा धर्मशास्त्राचा, तिसरा साहित्याचा. ह्या तिहींत दोष ह्या कल्पनेचा अर्थ एक नाही, आणि आपल्या समीक्षेने त्यांची गल्लत होऊ दिली आहे, हे आम्हांला येथे दाखवावयाचे आहे.

पहिला निवाडा सर्वज्ञात आहे. ८ जून १८५७ रोजी किल्ल्यातून शरण आलेल्या सुमारे साठ युरोपीय आणि ख्रिस्ती माणसांची जोखनबागेत कत्तल झाली. त्यांत स्त्रिया होत्या, मुलेही होती. राणीने १२ आणि १४ जून रोजी सागरचे कमिशनर अर्स्किन यांना पत्रे पाठवून शिपायांचा धिक्कार केला. त्यांनी वाडा तोफेने उडविण्याची धमकी देऊन पैसा उकळल्याचे तिने कळविले. अर्स्किन यांनी नवा अधिकारी येईपर्यंत कारभार तिच्याकडे सोपविला. कलकत्त्याच्या सरकारने मात्र तिची हकीकत खोटी ठरल्यास तिला आधार मिळणार नाही, असे आधीच बजावून ठेवले. पुढे ती खोटी आहे असे धरून सैन्य चालून आले. ती खोटी ठरविली कोणी, कोणत्या आसनावरून, आरोपीचे म्हणणे ऐकून की न ऐकता, हे प्रश्न विचारण्यास जागा नव्हती. १८५७ च्या उन्हाळ्यात कलकत्त्यास जे कायदे मंजूर झाले, त्यांनी बंडाच्या खटल्यांत अपिलाची सोय काढून घेतली होती. राणीच्या वाट्याला तर खटलाही आला नाही. तिचे वडील मोरोपंत तांबे यांना एप्रिल १८५८ मध्ये त्याच जोखनबागेत फाशी देण्यात आले. स्थळाची निवड पाहिली म्हणजे ध्यानात येते की, येथे कायदा शिक्षा देत नव्हता, सूड घेत होता.

दुसरा निवाडा धर्माचा. तो समजण्यास विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' ह्या ग्रंथासारखे दुसरे साधन नाही. वरसईचा हा भिक्षुक घरचे ऋण फेडावे म्हणून दक्षिणेच्या आशेने १८५७ साली उत्तरेस निघाला आणि झाशीच्या वेढ्यात सापडला. १८८३ च्या सुमारास त्याने हकीकत लिहून काढली. चिंतामणराव वैद्यांनी ती १९०७ साली, भटजींच्या निधनानंतर, बरेच फेरफार करून प्रसिद्ध केली. मूळ हस्तलिखितावरून सिद्ध झालेली दत्तो वामन पोतदारांची आवृत्ती यावयास १९६६ साल उजाडावे लागले. ज्या राज्यात पाहिलेले सांगणे हाच अपराध ठरण्याची भीती असते, तेथे साक्षीदाराची जबानीसुद्धा अशी उशिरा आणि झाकूनपाकून बाहेर पडते.

ह्या ग्रंथात राणीच्या दिनचर्येचा भाग आहे. वैधव्यानंतर तिने केशवपन केले नव्हते. शास्त्राप्रमाणे हा दोष, आणि त्याबद्दल ती नित्य प्रायश्चित्त करीत असे. वाचक हा तपशील कर्मकांड म्हणून ओलांडून जातात. आम्हांला मात्र सबंध प्रकरणाची किल्ली येथे दिसते. आपण शास्त्राच्या दृष्टीने चुकत आहो, हे ही स्त्री नाकारीत नाही. ती आपले निर्दोषत्व सिद्ध करीत बसत नाही. आणि तरीही केस उतरवीत नाही. दोष मान्य करावयाचा, त्याचे देणे रोज चुकते करावयाचे आणि आपले काम चालू ठेवावयाचे, असा हा मार्ग आहे. शरमेने खचणे त्यात नाही आणि कोडगेपणाही नाही.

हा मार्ग धर्मशास्त्रालाही अपरिचित नव्हता. याज्ञवल्क्यस्मृतीचे आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त असे तीन भाग आहेत. कज्जेदलाली व्यवहारात येते, पापक्षालन प्रायश्चित्तात. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी 'धर्मशास्त्राचा इतिहास' ह्या महाग्रंथाच्या १९५३ साली निघालेल्या चौथ्या खंडात पातक आणि प्रायश्चित्त यांचा जो विस्तृत विचार केला आहे, त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. नकळत घडलेल्या कृत्यालाही शास्त्र प्रायश्चित्त सांगते, मात्र ते सौम्य असते. हेतू नव्हता म्हणून दंड टळेल, पण देणे टळत नाही. मराठेशाहीच्या न्यायपद्धतीतही एकाच कृत्याला राजदंड वेगळा आणि प्रायश्चित्त वेगळे असे. प्रायश्चित्त पुरे झाल्यावर शुद्धिपत्र मिळे आणि माणूस पुन्हा पंगतीत बसे. ह्या व्यवस्थेत जातीची विषमता आणि ब्राह्मणांचे हितसंबंध किती खोल मुरलेले होते, हे आम्ही विसरत नाही. एकाच पापाला वर्णपरत्वे वेगळे मोल लावणारे शास्त्र आज कोणी परत मागू नये. परंतु दोषातून बाहेर पडण्याची वाट असली पाहिजे, आणि ती वाट दोष नाकारून नव्हे तर पत्करून जाते, हा त्यातला विचार टाकाऊ नाही.

आता तिसरा निवाडा, साहित्याचा. दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी १८९४ साली राणीचे चरित्र लिहिले. त्या काळात ते धैर्याचे काम होते. मार्टिन नावाच्या इंग्रजाने १८८९ साली दामोदररावांना लिहिलेले, राणीवरील आरोपाचे निराकरण करणारे पत्र त्यांनी छापले. तेव्हापासून ते पत्र बचावपक्षाचा मुख्य पुरावा झाले. व्यवसायाने वकील असलेल्या वर्मांची कादंबरी, पुढली चरित्रे, नाटके, शाळेतले धडे, सारे ह्याच वळणाने गेले. १८५७ च्या शताब्दीच्या वर्षी सुरेंद्रनाथ सेन यांनी आपल्या इतिहासात कागदपत्रांची छाननी करून राणीला कत्तलीच्या आरोपातून मुक्त केले, आणि तो निर्णय आम्हांलाही साधार वाटतो.

पण बचाव यशस्वी झाला म्हणून प्रश्न संपला काय? राणीने आज्ञा दिली की नाही, हा प्रश्न कंपनीचा होता. आमच्या चरित्रकारांनी त्याचे उत्तर बदलले, प्रश्न मात्र तोच ठेवला. त्यामुळे निर्दोष ठरण्यासाठीही इंग्रजाचीच साक्ष मोलाची वाटली. आणि 'राणीने आज्ञा दिली नाही' एवढे सिद्ध होताच जोखनबागेतली मुले आमच्या साहित्यातून नाहीशी झाली. ती खटल्यातला पुरावा म्हणून आली होती. खटला जिंकल्यावर त्यांचे काम उरले नाही. तुरुंगाचा दारोगा बक्षिस अली याच्याकडे बोट दाखवून लेखणी पुढे जाते. ओरछा दरवाजावर दूल्हाजूचा जो उपयोग झाला, तोच येथे बक्षिस अलीचा झाला आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी आपल्या देशबांधवांपुढे हाच पेच मांडला होता. त्यांनी अपराधाचे चार प्रकार केले. कायद्याने शाबित होणारा, राज्याचा नागरिक म्हणून वाट्याला येणारा, स्वतःच्या सदसद्विवेकापुढचा, आणि माणूस म्हणून माणसावरच्या अन्यायाच्या वेळी आपण जिवंत राहिलो एवढ्याने येणारा. पहिल्यातून सुटलेला मनुष्य उरलेल्या तिहींतून आपोआप सुटत नाही, हे त्यांचे सांगणे. जर्मन भाषेत अपराध आणि ऋण यांना शब्द एकच आहे. ऋण फेडण्यासाठी घराबाहेर पडलेल्या आमच्या भटजींना ही जोड निश्चित कळली असती.

भटजींच्या गद्याचे थोरपण याच ठिकाणी आहे. शहरात शिरलेल्या फौजेने जी सरसकट कत्तल केली, तिला ते 'बिजन' म्हणतात. ग्रंथसंग्रह जळाला, लूट कशी पाळीपाळीने झाली, हे सारे ते दक्षिणेचा हिशेब लिहावा तशा हाताने लिहितात. ह्या बिजनाची चौकशी कोणत्याही आयोगाने केली नाही. साठ जिवांसाठी एक शहर दोषी ठरले, आणि त्या शहरातल्या हजारोंसाठी कोणीच दोषी ठरले नाही. पराभवानंतर काल्पीच्या वाटेवर भटजींना राणी भेटते. तहानलेली असूनही ती ब्राह्मणाला पाणी काढू देत नाही, स्वतः विहिरीतून शेंदून घेते. येथे ती फितुरांचा पाढा वाचीत नाही. आपण हे कशासाठी पत्करले ते सांगते आणि पुढे निघते. लोककथेला लागणारा दूल्हाजू प्रत्यक्ष राणीला ह्या प्रसंगी लागलेला दिसत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की, राणीला निर्दोष ठरविण्याचे काम आता पुरे झाले. ती निर्दोष होती. यापुढे मराठी लेखकाने तिच्यापासून दुसरी गोष्ट शिकावी. न केलेल्या अपराधाचा आरोप झुगारून देणे आणि आपल्या अंगणात घडलेल्याचे देणे पत्करणे ह्या परस्परविरोधी गोष्टी नव्हेत. जोखनबाग झाशीच्या हद्दीत होती, आणि ते नेवाळकरांचे, म्हणजे मराठ्यांच्या इतिहासाचे शहर होते. खंडेराव हे नाव आम्ही अभिमानाने आपले म्हणतो. मग जोखनबाग हे नावही आपले म्हटले पाहिजे. ते म्हटल्याने बिजनाचा जाब विचारण्याचा आमचा अधिकार कमी होत नाही, उलट दृढ होतो. आपल्या वहीतली नावेबाजू ज्याने लिहिली आहे, त्यालाच दुसऱ्याकडे येणे मागता येते. झाशीवरचे जे मराठी पुस्तक आम्हांला हवे आहे, त्यात वकिली थोडी कमी असेल, आणि त्या साठ माणसांतल्या एखाद्या मुलाला, खटल्यातला पुरावा म्हणून नव्हे, तर मूल म्हणून, एखादे तरी पान मिळालेले असेल.