त्या फोटोत दिवाळी नाही

वसुबारस आली की फॅमिली ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. काळ्या पार्श्वभूमीवर भारताचा नकाशा, त्यावर पांढरे, निळे, हिरवे, लाल ठिपके, आणि खाली ओळ: 'नासाने अंतराळातून टिपलेली दिवाळीची रात्र'. आपण परदेशी मंडळी तो जरा जास्तच प्रेमाने पुढे ढकलतो. इथल्या गल्लीत दिवाळीची खूण नसते आणि तिकडे सगळा देश उजळलेला दिसतो, म्हणून असेल.

चित्र देखणं आहे, आणि खरंही आहे. खोटी आहे ती फक्त खालची ओळ. अमेरिकेच्या 'नोआ' या संस्थेचे शास्त्रज्ञ ख्रिस एल्विज यांनी ते २००३ मध्ये केलं, लोकवस्ती कशी वाढत गेली ते दाखवायला. १९९२ च्या आधीपासून दिसणारे दिवे पांढरे, १९९२ मध्ये दिसू लागलेले निळे, १९९८ चे हिरवे आणि २००३ चे लाल. म्हणजे रंग दिव्यांचे नाहीत, वर्षांचे आहेत. एक रात्र म्हणून आपण जे बघतो त्यात दशकभराचा काळ एकावर एक रचलेला आहे.

दिवाळीतलं खरं चित्र नासाने २०१२ साली दिलं, १२ नोव्हेंबरच्या रात्रीचं, सुओमी एनपीपी या उपग्रहाकडून आलेलं. ते बरंच साधं आहे. दिवाळीचा जास्तीचा उजेड अंतराळातून जाणवणारही नाही इतका थोडा असतो, असंही नासाने सोबत सांगितलं. पटण्यासारखं आहे. हा उपग्रह डोक्यावरून जातो रात्री दीडच्या सुमारास, आणि त्याचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा सुमारे पाऊण किलोमीटर. तोवर पणत्या विझलेल्या असतात, आणि पेटत्या असत्या तरी रस्त्यावरच्या दिव्यांपुढे त्यांचं काय चालणार?

गंमत म्हणजे नाताळ मात्र याच उपग्रहाला दिसतो. अमेरिकेतली अनेक शहरं त्या दिवसांत २० ते ५० टक्के जास्त उजळलेली नोंदली गेली. विजेच्या माळा घराबाहेर, उशिरापर्यंत आणि आठवडेच्या आठवडे चालू असतात. यावरून अमेरिकेत सण जास्त उत्साहाने साजरा होतो असं कोणी म्हणेल का?

पण जवळपास तसंच आम्ही संशोधक म्हणतो, फक्त भारदस्त भाषेत. रात्रीच्या उजेडावरून आर्थिक वाढ मोजण्याची पद्धत हेंडरसन, स्टोरीगार्ड आणि वाइल यांच्या २०१२ च्या शोधनिबंधानंतर फार लोकप्रिय झाली. जिथे सरकारी आकडे कच्चे किंवा संशयास्पद असतात तिथे तिचा उपयोग आहेच. माझा आक्षेप पुढच्या उडीला आहे. उजेड कमी झाला की 'मानवी हालचाल घटली' असं लिहून आपण मोकळे होतो. सुओमी एनपीपीवरचा संवेदक साधारण ५०० नॅनोमीटरच्या खालचा निळा प्रकाश पकडत नाही, आणि पांढऱ्या एलईडीचा निळा भाग नेमका ४५० च्या आसपास असतो. भारतात २०१५ पासून रस्त्यांवरचे जुने दिवे काढून लाखोंनी एलईडी बसवले गेले. रस्ता होता तितकाच उजळ राहिला तरी आकड्यांत ते गाव मंद झालेलं दिसू शकतं. अशा नकाशावर निधीचं वाटप ठरलं तर भुर्दंड त्या गावालाच.

नीट वापराचं उदाहरणही आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया वादळाने पोर्टो रिकोची वीज घालवली. नासाच्या संशोधकांनी त्याच त्या वस्त्यांचा उजेड वादळाआधी किती होता आणि नंतर किती, हे ताडून पाहिलं. ग्रामीण भाग जास्त काळ अंधारात राहिला हे त्यातून स्पष्ट झालं. इथे प्रश्न विजेचा होता आणि उपकरणही विजेचंच मोजत होतं, म्हणून उत्तर टिकलं.

तेव्हा यंदा तो फोटो आला तर डिलीट करू नका, ओळ तेवढी बदला. ते वीज आणि वस्ती पसरत गेल्याचं चित्र आहे, आणि काळ्या भागातही माणसं राहत होतीच. तुमच्या गावात रस्त्यावर पहिला दिवा कधी लागला, हे घरातल्या मोठ्यांना विचारा. मग नकाशावर गाव शोधा आणि त्याचा रंग बघा.